माझ्या वाक्यातला स्वल्पविराम परत करा: कादंबऱ्यांच्या प्रकाशक-संपादकांना खुलं पत्र

कादंबऱ्या छापणारे सर्व प्रकाशक आणि त्यांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी लेखिका नाही आणि समीक्षकही नाही. कादंबऱ्या वाचते, एवढीच माझी ओळख. गेली सव्वीस वर्षं मी एक वही ठेवत आले आहे. खरं तर आता ती सातवी वही आहे. कादंबरी संपली की त्याच दिवशी तारीख टाकायची, कादंबरीचं नाव लिहायचं आणि खाली मनात जे असेल ते चार-सहा ओळींत उतरवायचं. या सात वह्यांत निव्वळ ‘आवडली’ किंवा निव्वळ ‘नाही आवडली’ अशा नोंदी फार थोड्या आहेत. बहुतेक नोंदींच्या मधोमध एक ‘पण’ आहे. तो ‘पण’ तुम्ही खोडलात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

झालं ते असं. मागच्या वर्षी मी एक कादंबरी वाचली. दोन बहिणींची. वडील गेल्यावर त्या घर आवरायला एकत्र येतात. कादंबरीने मला धरून ठेवलं आणि शेवटी तितकंच दुखावलंही. म्हणून प्रकाशकांना चार पानी पत्र पाठवलं. त्यात एक वाक्य होतं: ‘कपाट आवरण्याचा प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही, पण त्यानंतरची साठ पानं घाईने उरकल्यासारखी वाटतात आणि त्यामुळे थोरलीचं मरण खरं वाटत नाही.’ उत्तर आलं नाही. न येवो, प्रत्येक वाचकाला उत्तर देणं शक्य नसतं हे मला कळतं. मग काही महिन्यांनी त्याच कादंबरीची दुसरी आवृत्ती हाती आली. मलपृष्ठावर, लेखकाच्या फोटोखाली, अवतरणचिन्हांत छापलं होतं: ‘कपाट आवरण्याचा प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही.’ आणि खाली, ‘एक वाचक’.

मी स्वल्पविराम दिला होता. तुम्ही तिथे पूर्णविराम दिलात.

मी तिथेच उभ्याने शेवटची साठ पानं चाळली. एक अक्षर बदललेलं नव्हतं. म्हणजे माझं पत्र कुणीतरी वाचलं होतं, नीट वाचलं होतं, त्यातलं उपयोगी पडेल ते वाक्य शोधून काढलं होतं आणि बाकीचं बाजूला ठेवलं होतं. त्या अर्ध्या वाक्यावर भरवसा ठेवून कुणी ती कादंबरी घेतली असेल, तर मी नकळत त्या माणसाशी खोटं बोलले. त्याची टोचणी अजून जात नाही.

त्या प्रकाशकांचं नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एकट्या त्यांचा नाही. गेल्या तीन महिन्यांत मी आणखी तीन कादंबऱ्या संपवल्या. तीन वेगळ्या प्रकाशकांच्या, तीन समर्थ लेखकांच्या. तिन्हींनी मला भरभरून दिलं आणि तिन्ही मिटताना काहीतरी सलत राहिलं. हे सलणं लेखकापेक्षा तुमच्या टेबलाशी जास्त जोडलेलं आहे, अशी माझी खात्री होत गेली. म्हणून हे सगळ्यांसमोर मांडते आहे.

सुरुवात त्या कपाटापासूनच करते. तो प्रसंग अकरा पानांचा आहे. वडिलांचे शर्ट घडी घालून ठेवलेले. धाकटी एकेक शर्ट उचलते, कॉलरपाशी नाक नेते आणि बाजूला ठेवते. थोरली तसलं काही करत नाही. ती फक्त खिसे तपासते, कारण कपडे कुणाला देण्याआधी खिसे तपासायचे असतात. एका खिशात गोळ्यांचं पाकीट निघतं, त्यात दोन गोळ्या शिल्लक. दुसऱ्यात कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळलेला चष्म्याचा बारीकसा स्क्रू. वडील शेवटी शेवटी चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वापरत होते, हे आपण शंभर पानं आधी वाचलेलं असतं. म्हणजे स्क्रू त्यांच्या खिशातच होता. थोरली तो चिटोरा पुन्हा तसाच गुंडाळते आणि धाकटीला न दाखवता स्वतःच्या पर्समध्ये टाकते. बस. लेखकाने एकही वाक्य समजावून सांगितलेलं नाही. हे वाचताना मी पुस्तक छातीवर पालथं ठेवून बराच वेळ पडून राहिले होते.

आणि मग? मग तो स्क्रू परत कधीच येत नाही. थोरली आणखी चाळीस पानांनी अपघातात जाते, एका परिच्छेदात. त्यानंतर एक कोरी ओळ आणि ‘सहा वर्षं लोटली’. धाकटी बहिणीची पर्स कधी उघडते का? उघडत नाही. लेखक विसरला असेल. इतकं मोठं काम करताना माणूस विसरतो. पण हस्तलिखित तुमच्याकडे आलं तेव्हा ‘त्या स्क्रूचं पुढे काय झालं?’ एवढा एक प्रश्न त्याला कुणी विचारला नाही? मला तो वाचताक्षणी पडला. ज्याने हस्तलिखित आधी वाचलं त्याला पडला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कदाचित कुणी वाचलंच नव्हतं, छपाईला पाठवण्यापुरतं पाहिलं होतं.

शेवट लिहिणं ही सर्वांत अवघड गोष्ट आहे हे मान्य. हेमिंग्वे या अमेरिकन कादंबरीकाराने १९५८ साली एका मुलाखतीत सांगितलं होतं, की ‘अ फेअरवेल टु आर्म्स’चा शेवट त्याने एकोणचाळीस वेळा लिहिला. २०१२ साली त्या कादंबरीची जी आवृत्ती निघाली तिच्यात त्याचे सत्तेचाळीस शेवट छापले आहेत. अडचण काय होती, असं मुलाखतकाराने विचारल्यावर तो म्हणाला, शब्द बरोबर बसवायचे होते. डिकन्सने १८६१ साली ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट लिहून पूर्ण केला होता, पण बुल्वर-लिटन या लेखकमित्राला छपाईआधीची मुद्रितं दाखवल्यावर त्याच्या सांगण्यावरून नवा शेवट लिहिला. नवा शेवट बरा की जुना, यावर आजही वाद होतो. माझं मत जुन्या शेवटाच्या बाजूने आहे. पण ते महत्त्वाचं नाही. कुणीतरी ती शेवटची पानं हातात घेऊन ‘हे मला पटत नाही’ असं डिकन्ससारख्याला सांगितलं आणि त्याने ते ऐकून घेतलं, हे महत्त्वाचं. तुमच्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानांवर असं कुणी अडून बसतं का?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. हुरहुर आणि रुखरुख. चांगली कादंबरी संपली की हुरहुर लागते. ती माणसं आता पुढच्या पानावर भेटणार नाहीत, ती कुठे गेली असतील, असं वाटत राहतं. ती मला हवी असते, तिच्यासाठीच मी वाचते. रुखरुख वेगळी. कुणीतरी थोडं लक्ष दिलं असतं तर हे टळलं असतं, असं जिथे वाटतं तिथे ती लागते. कादंबरीबद्दल माझ्या भावना संमिश्र आहेत असं मी म्हणते तेव्हा पुष्कळदा एकाच पुस्तकाने मला दोन्ही दिलेलं असतं. हुरहुर लेखकाची देणगी असते. रुखरुख मात्र बहुतेक वेळा तुमच्या दाराशी येऊन थांबते.

दुसरी कादंबरी होती हरवलेल्या भावाच्या शोधाची. दोनशे चाळीस पानं नायक भाऊ जिवंत आहे असं धरून चालतो. लेखिकेने किती बेताने पावलं टाकली आहेत! एका ठिकाणी भावाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी सापडते, एका ठिकाणी कुणी म्हणतं की त्याला कालच पाहिलं. प्रत्येक वेळी नायकाबरोबर वाचकालाही वाटलं पाहिजे की आता भेटणार. दोनशे एक्केचाळिसाव्या पानावर कळतं की भाऊ पहिल्या पानाच्याही आधी मेलेला होता. आणि मलपृष्ठावरचा मजकूर सुरू होतो तो असा: ‘भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या पाऊलखुणा शोधत निघालेल्या एका तरुणाची...’

मी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं आणि वाचायला सुरुवात करायच्या आधीच सगळं गेलं. लेखिकेने त्या दोनशे चाळीस पानांवर किती वर्षं घालवली असतील कोण जाणे. ती सारी मेहनत तुमच्या एका ओळीने फुकट घालवली. कादंबरी मला आवडली, खूप आवडली, पण ज्या रीतीने आवडायला हवी होती त्या रीतीने वाचायची संधी मला मिळालीच नाही. ती आता परत मिळणारही नाही, कारण कादंबरी पहिल्यांदा एकदाच वाचता येते. मलपृष्ठाचा मजकूर जो कुणी लिहितो त्याने लेखकाला तो आधी दाखवावा, इतकी साधी गोष्ट आहे ही.

तिसरीबद्दल थोडक्यात. चारशे पानं वाचली, दोन घराण्यांचं वैर ऐन रंगात आलं, नायिका दार ठोठावते आणि पुस्तक संपतं. पुढचं कोरं पान उलटलं तर खाली बारीक अक्षरांत ‘भाग पहिला समाप्त’. मुखपृष्ठावर, मलपृष्ठावर, आतल्या शीर्षकपानावर, कुठेच हा पहिला भाग असल्याचा उल्लेख नाही. दुसरा भाग कधी येणार हेही नाही. भागांत कादंबरी छापायला माझी मुळीच हरकत नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली आणि लोकांनी ती वाट पाहत वाचली. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात एकेक करून निघाले, पण पहिल्या खंडाच्या शीर्षकपानावर हा पहिला भाग असल्याचं छापलेलं होतं. वाट पाहायला वाचक तयार असतो. वाट पाहावी लागेल हे त्याला आधी सांगायला हवं. ‘क्रमशः’ हा एक शब्द छापायला किती जागा लागते?

चौथी अनुवादित होती आणि तिने मला सगळ्यांत जास्त गोंधळात टाकलं. युद्धावरून परतलेला एक डॉक्टर, त्याचं गप्प झालेलं घर. काही पानं इतकी सुरेख मराठीत उतरली आहेत की मूळ भाषा कोणती हेच मी विसरून गेले. आणि काही पानांवर वाक्यं अशी लांबत जातात की कर्ता क्रियापदाला भेटेपर्यंत मीच हरवून जाते. एकच अनुवादक असं कसं करील, म्हणून त्याचं नाव शोधायला लागले. मुखपृष्ठावर नाही. पाठीवर नाही. शेवटी स्वामित्वहक्काच्या पानावर, मुद्रणालयाच्या नावाच्या वर, सर्वांत लहान टाइपात सापडलं.

हे इथेच संपलं नाही. सतराव्या प्रकरणानंतर एकोणिसावं प्रकरण आलं. मला वाटलं, बांधणीत एखादा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा जुडगा, गळाला असेल. पानांचे आकडे तपासले तर ते सलग होते. मग एकोणिसाव्या प्रकरणात डॉक्टरची बायको म्हणते, ‘त्या रात्री पुलावर तू मला जे सांगितलंस ते मी विसरले नाही.’ कुठली रात्र? कुठला पूल? तो प्रसंग पुस्तकात कुठेच नाही. म्हणजे अख्खं अठरावं प्रकरण गाळलेलं आहे आणि वाचकाला त्याचा पत्ता लागू दिलेला नाही. प्रकरणांचे आकडे बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून मला तरी कळलं. आकडे बदलले असते तर ‘लेखकाने हा धागा अर्धवट सोडला’ अशी नोंद मी वहीत केली असती, आणि ज्याचा काही दोष नाही अशा माणसाला दोषी धरलं असतं. अनुवादकालाही धरलं असतं. त्याने ते प्रकरण केलं होतं आणि पानं वाचवायला तुम्ही काढलंत, की त्याला तसं सांगितलंच होतं, हे मला आजही कळायला मार्ग नाही. पुस्तक वाचून मनात जे उमटतं ते कुणाच्या खात्यावर टाकायचं, हेच वाचकाला कळू दिलं जात नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

संक्षिप्त अनुवाद छापू नका असं मी म्हणत नाही. ‘संक्षिप्त’ असं मुखपृष्ठावर लिहा. आणि अनुवादकाचं नाव पुढे आणा. इंग्रजीत अनुवादित पुस्तकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम २०१६ पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला तो मिळाला तेव्हा अनुवादिका डेझी रॉकवेल यांचं नाव त्यांच्या बरोबरीने घेतलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ साली, जेनिफर क्रॉफ्ट या अनुवादिकेने जाहीर केलं होतं की मुखपृष्ठावर नाव छापणार नसाल तर मी अनुवाद करणार नाही. नाव छापणं म्हणजे नुसता मान देणं नव्हे. त्याने जबाबदारी कुणाची ते ठरतं. सुंदर वाक्याला दाद कुणाला द्यायची आणि अडखळलेल्या वाक्याबद्दल विचारायचं कुणाला, हे वाचकाला समजतं.

मुद्रणदोषांवर फार लिहीत नाही. शेजारीण एकशे दहाव्या पानावर माधवी आहे आणि एकशे सत्तराव्या पानावर मालती. रडवेल्या संवादाच्या ऐन मध्यावर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं सुटी पडली आहेत, बहुधा एका फॉन्टमधून दुसऱ्यात मजकूर नेताना. अशा वेळी डोळ्यांत आलेलं पाणी मागे जातं. पूर्वी पुस्तकात निदान शुद्धिपत्राची एक पट्टी चिकटवलेली असायची. आता दुसरी आवृत्तीही जुन्याच चुकांसह निघते, मलपृष्ठावर नवी प्रशंसा तेवढी येते.

या सगळ्याच्या मुळाशी मला एकच उणीव दिसते. कादंबरीला संपादक मिळत नाही. मिळत असेल तर त्याला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि वेळ मिळाला तरी त्याचं नाव कुठे दिसत नाही.

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. १९५७ साली तिने हस्तलिखित प्रकाशकांना दिलं. टे होहॉफ नावाच्या संपादिकेला त्यात ठिणगी दिसली, पण ही अजून कादंबरी झालेली नाही हेही दिसलं. मोठी झालेली मुलगी गावी परत येते, असं त्या हस्तलिखितात होतं. होहॉफने तिला त्या मुलीच्या लहानपणाकडे वळवलं. दोन वर्षांहून अधिक काळ दोघी त्यावर बसल्या, पुन्हा पुन्हा लिहून झालं आणि १९६० साली ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ आली. १९५७ चं मूळ हस्तलिखित २०१५ साली ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने छापलं गेलं, त्यामुळे आज कुणालाही दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. मी तशी वाचली. लेखिका तीच, माणसं पुष्कळशी तीच. मधे आहे तो एका संपादिकेचा धीर.

माझ्या चारही कादंबऱ्यांमध्ये ती ठिणगी होती. म्हणून तर इतकं लागलं. सुमार कादंबरीला मी वहीत एक ओळ देते आणि विसरते. तिच्यासाठी पत्र लिहीत नाही.

माझ्या म्हणण्याचा एक उलटा अर्थ काढला जाऊ शकतो, तो आधीच अडवते. कादंबऱ्या आखूड करा, वेगवान करा, वाचकाला पहिल्या पानावर पकडा, अशी मागणी मी करत नाही. चौदा वर्षांपूर्वी वहीत एका कादंबरीपुढे मी लिहिलं होतं: ‘फार संथ. म्हातारा दोनशे पानं खिडकीत बसून आहे. कंटाळा आला.’ तीन वर्षांपूर्वी माझे वडील अंथरुणाला खिळले. त्यांच्या उशाशी बसून मी तीच कादंबरी पुन्हा वाचली. त्या म्हाताऱ्याच्या खिडकीतून ऊन भिंतीवरून कसं सरकतं, याचं जे वर्णन मी पहिल्यांदा उड्या मारत वाचलं होतं, ते या वेळी मी दोन-दोनदा वाचलं. आमच्या भिंतीवरही ऊन तसंच सरकत होतं. जुन्या नोंदीखाली मी दुसरी तारीख टाकली आणि लिहिलं, ‘चूक माझी होती.’

संमिश्र भावनांतला बराच भाग वाचकाचा स्वतःचा असतो, हे मी स्वतःच्या अनुभवातून शिकले आहे. वय, दुःख, घाई, तो दिवस कसा गेला, सगळं त्यात मिसळतं. म्हणून मी माझा शेरा शेवटचा मानत नाही आणि माझ्या सांगण्यावरून कुणी प्रकरण कापावं असं म्हणत नाही. पण गाळलेलं अठरावं प्रकरण माझं वय वाढल्याने परत येणार नाही. मलपृष्ठावर फोडलेलं रहस्य दुसऱ्या वाचनाने झाकलं जाणार नाही. हा फरक तुम्ही ओळखावा. संथ पानं ठेवा. त्यांच्यावर विश्वास ठेवणारा संपादकच त्यांना वाचवू शकतो, आणि तोच निष्काळजी पानं पकडूही शकतो.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. कागद महाग, विक्री बेभरवशाची, चांगला संपादक मिळत नाही, मिळाला तर त्याचं मोल देणं जड जातं. काही लेखक एका शब्दालाही हात लावू देत नाहीत, हेही ऐकून आहे. पण यातली कुठलीही अडचण माझं वाक्य अर्धं कापायला भाग पाडत नाही. पहिला भाग असताना तसं न सांगायलाही भाग पाडत नाही. या दोन गोष्टींना खर्च येत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

वाचकाचा अभिप्राय छापायचा असेल तर वाक्य पूर्ण छापा, आणि त्याची परवानगी घ्या. पूर्ण छापता येत नसेल तर छापू नका.

कादंबरी मालिकेचा भाग असेल तर ते मुखपृष्ठावर सांगा. अनुवाद संक्षिप्त असेल तर तेही तिथेच सांगा, आणि अनुवादकाचं नाव लेखकाच्या नावाखाली वाचता येईल एवढ्या अक्षरांत द्या.

मलपृष्ठाच्या मजकुराला लेखकाची संमती घ्या. पहिल्या काही प्रकरणांच्या पलीकडचं त्यात काही सांगू नका.

छपाईला पाठवण्याआधी प्रत्येक कादंबरी एका माणसाने, सलग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, निव्वळ वाचक म्हणून वाचावी आणि त्याला पडलेले प्रश्न लेखकापर्यंत जावेत. लेखकाने ते मानावेत असा आग्रह नाही. ते विचारले जावेत एवढाच आहे. त्या माणसाचं नाव पुस्तकात संपादक म्हणून छापा. मुखपृष्ठकाराचं छापता, मुद्रकाचं छापता, मग त्याचंही छापा.

नवी आवृत्ती काढताना जुन्या चुका दुरुस्त करा. ज्यांनी पहिली आवृत्ती घेतली त्यांच्यासाठी शुद्धिपत्र द्या.

आणि आमची पत्रं वाचा, ‘पण’नंतरच्या भागासकट. चार पानांचं पत्र लिहिणारा वाचक त्या कादंबरीत काही दिवस राहून आलेला असतो. त्याला ती कादंबरी आणखी चांगली झालेली पाहायची असते. नाहीतर एवढं लिहायला तो कशाला बसेल?

दोन बहिणींच्या त्या कादंबरीचं पान मी वहीत अजून पूर्ण केलेलं नाही. वर कपाटाच्या प्रसंगाबद्दल सहा ओळी आहेत, खाली जागा सोडली आहे. तिसरी आवृत्ती निघेल तेव्हा लेखकाला त्या स्क्रूबद्दल कुणीतरी विचारा. आणि माझं वाक्य मलपृष्ठावर ठेवायचंच असेल, तर त्या चार पानी पत्राची प्रत माझ्याकडे आहे. मागितलीत तर लगेच पाठवते.

आपली,
एक वाचक